दोन कुलुपं

लोखंडी दरवाजा, निळा रंग,
त्यावर दोन कुलुपं.
कल्पना उत्तरेकडच्या एका थंड देशाची, पैसाही त्यांचाच:
एक किल्ली अक-तेरेकला, दुसरी चोरबोगला,
दोघं आल्याशिवाय कालव्याला पाणी नाही.
मी दुभाषी. रोजावर.

बैठकीत साहेब एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलायचे.
मी आधी म्हटलं, मालकी.
दोन्हीकडचे म्हातारे एकदम ताठ झाले:
कुणाची?
मग म्हटलं, आपलेपणा.
तेव्हा चहा फिरला
आणि साहेबांनी वहीत लिहिलं, एकमत.
मला त्या दिवसाचे पैसे मिळाले,
वर एक टोपी, तीन झेंड्यांची.

पहिली दोन वर्षं बरी गेली.
गुलसारा यायची गाढवावरून, किल्ली गळ्यात.
दावलतबेक सायकलवरून, किल्ली मोज्यात.
ती त्याच्या जर्दाळूंना नावं ठेवायची,
तो तिच्या गाढवाला.
कुलुपं निघायची.
पाणी आधी गढूळ यायचं, काटक्या, एखादी चप्पल,
मग निवळायचं.

तिसऱ्या वर्षी वरच्या वळणावर गोळीबार झाला.
आधी कुणी केला ते मला दोन्ही भाषांत सांगण्यात आलं,
दोन्हींत वेगळं.
काठी मारून पाणी दुभंगत नाही म्हणतात.
पुलावर मात्र तारा आल्या,
आणि चोरबोगची किल्ली तारांपलीकडे राहिली.
झाडांवर बोराएवढी फळं धरलेली, खाली चर कोरडे.

एका पहाटे गुलसारा काठाशी येऊन उभी.
समोर दावलतबेक.
बोलले नाहीत. त्यानं रुमाल काढला,
किल्ली, तिच्याबरोबर दगड, गाठ,
आणि भिरकावला.
म्हातारा हात. रुमाल मध्येच पडला, चिखलात.
ती रबरी बूट घालून खाली उतरली.
टेहळणीवरचा पोरगा बघत होता,
मग त्याला अचानक स्वतःच्या बुटाची नाडी बांधायचं सुचलं.
बराच वेळ बांधत होता.

दरवाजा उघडला. पाणी दोन्हीकडे गेलं,
त्याला कुणी विचारलं नाही कुठल्या गावचं.
किल्ली परत फेकताना गुलसारानं रुमालात
सुकवलेल्या दह्याच्या चार गोळ्या बांधल्या.
त्या उन्हाळ्यात असं अकरा वेळा झालं.
मी मोजलं, कारण मोजायची सवय त्यांनीच लावली होती.

वर्षाअखेर तक्ता आला. रकाना सातवा:
दोन्ही पक्ष दरवाजापाशी एकत्र उपस्थित, किती वेळा?
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
नियमानं उत्तर शून्य.
शून्य लिहिलं.
अकरा लिहायला तिथं जागा होती,
धाडस नव्हतं. तो पोरगा, त्याची नाडी,
हे कागदावर कसं आणायचं?

वसंतात पत्र आलं. सभ्य, खरोखर दुःखी.
उद्दिष्ट साध्य झालं नाही, पुढचा हप्ता थांबवत आहोत.
मी ते गुलसाराला वाचून दाखवलं, सावकाश,
प्रत्येक शब्द बरोबर.
ती गाढवाच्या पाठीवरचं खोगीर आवळत होती.
म्हणाली, म्हणजे किल्ल्या परत द्यायच्या?
मी पत्र पुन्हा पाहिलं, मागची बाजूसुद्धा.
तसं काही लिहिलेलं नाही, म्हटलं.
मग ठीक, ती म्हणाली,
आणि रुमाल शोधायला लागली.