माप साडेसहा

तार्न नदीच्या अल्याड, मीयो गावात
माझं हातमोज्यांचं दुकान. एक काउंटर, एक दिवा,
कोपर टेकायला मखमलीची उशी, मधोमध झिजलेली.
गिऱ्हाईक हात पुढे करतं आणि हवेपाण्याचं बोलू लागतं.
मी हूं हूं करतो. मी पेरं चाचपतो.

सिदोनी ओसेल, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर गाठी,
कडक, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.
"दुखतात?"
"आधी दुखायच्या. आता नुसत्या दिसतात."
तिच्या आईचे मोजे माझ्या बापाने कापले होते;
जुन्या वहीत त्याच बोटांपुढे
पेन्सिलीने त्याने लिहून ठेवलंय: इथे सैल.

देल्फँ, रानडुकरांचा शिकारी.
अनामिका तळव्याकडे वाकलेली,
जणू चिमूटभर काहीतरी लपवून धरलंय.
कातडीखाली दोरी, ताणलेली.
दुखत नाही, म्हणून तो हसण्यावारी नेतो.
म्हटलं, टेबलावर हात पालथा ठेव, सपाट.
ठेवता येईना.
तळव्याखालून माझी कात्री
इकडून तिकडे सरकली.
मग मात्र तो हसला नाही.

सोळा गुंड्यांचे, कोपराच्या वर जाणारे मोजे
क्वचितच कुणी मागतं.
एक बाई आली, मुलीचं लग्न होतं.
हात पुरता सरळ होईना; कोपराच्या टोकाला
पाणी भरलेली पिशवी, कबुतराच्या अंड्याएवढी.
करंगळीत मुंग्या येतात का, मी विचारलं.
"रात्री येतात. फोन कानाला धरला तरी येतात.
तुम्हाला कसं कळलं?"
कसं कळलं!
चाळीस वर्षं परक्या बायकांचे हात हातात घेतोय,
आणि लग्न एकदाच केलंय.

पण ती पोर.
रोकफोरला चीजच्या तळघरात कामाला, वय चोवीस,
नाव मेलानी काझाल, गेल्या वर्षीचं माप साडेसहा.
फीत मुठीच्या उंचवट्यांवर अडली.
डावीकडे अडली. उजवीकडेही, नेमकी त्याच जागी.
मऊ सूज, फुगून आलेल्या कणकेसारखी,
आणि ऊब, बाहेर बर्फ भुरभुरत असताना.
"तळघरात गारठा असतो ना, म्हणून असेल."
"सकाळी मूठ कधी वळते?"
"नऊला."
"उठतेस कधी?"
"सहाला."
मी फीत गुंडाळून ठेवली.
आठ नंबरची जोडी कापून देता आली असती,
चामडं तयार होतं, महिनाही मंदीचा होता.
मी तिला माँपेलिएच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला.
म्हटलं, सिदोनीच्या गाठींना घाई नसते,
याला असते. याच आठवड्यात जा.
ती रागावली असावी; दार आपटलं.
आजाराचं नाव मला ठाऊक नव्हतं, अजूनही नीट उच्चारता येत नाही.
फीत कुठे अडते, एवढंच मला कळतं.

आणि तेही दुसऱ्यांचं.

एका रविवारी ओनोरीनने, माझ्या बायकोने,
जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी पुढ्यात ठेवली.
"उघड."
मी फडकं शोधू लागलो.
"दोन वर्षं फडकंच शोधतोयस," ती म्हणाली.
मग माझा उजवा अंगठा धरला, अगदी मुळाशी,
मनगटाच्या जरा वर, जिथून कात्रीला जोर लागतो,
आणि दाबला.
ओरडलो नाही. श्वास तेवढा अडकला.
तिथे एक कोपरा आला होता, चौकोनी,
पेटीला असतो तसा.
रोज माझ्याच नाकासमोर होता तो,
काउंटरच्या अलीकडच्या बाजूला.

तिने फीत मागितली.
"उलटी धरलीस," मी म्हणालो.
"धरू दे. तू हात सैल सोड."