मानशीच्या खांबावर

चोडणच्या मानशीला एक चिऱ्याचा खांब आहे.
इनासच्या बापाने त्यावर कधीतरी चुन्याने
आडव्या रेघा ओढल्या : एक, दोन, तीन, चार.
पाचवीच्या वेळी चुना संपला
किंवा गरज संपली. इनास दोन्ही सांगतो.

त्या खांबाला टेकून मी त्याच्या पोरीला, लुर्दिनाला,
नववीचं गणित शिकवते.
घरात टीव्ही असतो. इथे फक्त डास.

दोन क्ष अधिक एक, तीनपेक्षा लहान नाही
आणि
उणे तीन क्ष अधिक चार, उणे आठपेक्षा मोठं.

पहिलं तिला चुटकीसरशी येतं : क्ष एक, किंवा एकाच्या वर.
दुसऱ्यात ती उणे तीनने भागते
आणि चिन्ह होतं तसंच ठेवते.
क्ष चारपेक्षा मोठा, म्हणते, आणि पेनाचं टोपण चावते.

मी काही बोलत नाही.
भरती लागली आहे. मांडवीचं पाणी
फळीला बाहेरून खांदा लावतं,
आणि दुपारभर नदीकडे उघडणारी फळी
खाडकन मिटते.
लुर्दिना आवाजाकडे बघते. मग वहीकडे.
मग रबर शोधते.

आता रेषा. एकावर भरीव ठिपका,
चारवर पोकळ वर्तुळ.
एक भरलेला आणि चार रिकामा का?
उत्तर इनास देतो, जाळं सांधता सांधता, मान वर न करता :
"एकार चलता. चारार ना."
एकावर पाणी असलं तरी कोरगूट तग धरतो.
चारला टेकलं की बांधाचं काही खरं नाही.
चारच्या केसभर खाली, तोवर याला झोप लागते.
पुस्तकाने हे इतकं नीट सांगितलेलं नाही.

दोन बाण समोरासमोर येतात.
दोघांचं जिथे पटतं तेवढंच शेत.

'किंवा'चा हात सैल.
क्ष एकपेक्षा लहान किंवा चारपेक्षा मोठा :
दोन्ही बाण पाठ फिरवून चालू लागतात,
मधे कोरी रेघ.
"आमच्या आग्नेलसारखं," लुर्दिना म्हणते.
स्विंडनला गोदामात आहे तो, नवा पासपोर्ट, तीन वर्षं झाली.
फोनवर म्हणतो, तिथे किंवा इथे, मला सगळं सारखंच.
नाताळात मात्र फोन लवकर ठेवला.

मी न सांगता ती 'किंवा' खोडते,
वर बारीक अक्षरात 'आणि' लिहिते.
एकाच्या अलीकडे आणि चारच्या पलीकडे,
एकाच वेळी.
पट्टी धरते. खूप वेळ धरते.
रेषेवर काहीच उमटत नाही.

"बाई, काहीच न काढल्याचे मार्क मिळतात?"
मिळतात. पूर्ण मिळतात.
पण खाली लिहावं लागतं : उकल नाही.

ती लिहिते. अक्षर जरा तिरकं जातं.
इनास उठून खांबावर बॅटरी मारतो.
"तीन," ओरडतो, "आनी वयर मातशें."
मग पाण्याकडे बघत तिथेच उभा राहतो,
बॅटरी बंद करायचं विसरून.