बुटांची माती

डार्गाव्हिलच्या पुढे रस्ता सरळ राहत नाही.
रताळ्यांची शेतं संपतात,
शेवटचा पेट्रोल पंप मागे पडतो
आणि वडील म्हणतात, काच खाली कर.
सत्त्याऐंशी वर्षांचं नाक बाहेर काढून
हवा हुंगतात.
"अजून नाही."
तीन वळणांनंतर पुन्हा, "अजून नाही."

मागे माझा लूका पिशवी धरून बसलाय,
त्याला गाडी लागते.
मांडीवर आजोबांची टेप :
चामड्याचं घर, पितळेची कडी,
आकडे पुसट, तरी पहिले साठ फूट वाचता येतात.
लाकडाच्या गिरणीत सगळे वडिलांना डोळा म्हणायचे.
उभ्या कौरीकडे एकदा पाहून सांगायचे
आडवी झाल्यावर किती भरेल.
चुकले तर एखाद्या फळीने.

जंगलाच्या तोंडाशी एक छोटी छपरी.
ब्रश, पाण्याचा फवारा, औषधाची ओली चटई.
हिरव्या जाकिटातली हिनेवाई उठून आली.
तिचं घर याच रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे,
ही झाडं तिच्या घरात नात्याने मोजतात.
"आधी पाय," ती म्हणाली.
मग लूकाला समजावून सांगितलं :
कौरीची मुळं वरवर, केसांसारखी.
रोग मातीतून येतो, आपल्या बुटाला चिकटून,
चिमूटभर माती पुरते.
बुंध्याशी डिंक गळू लागतो, शेंडा सुकतो,
हजार वर्षांचं झाड उभ्या उभ्या जातं.

मुळावर उठणं म्हणतात ते हेच,
फक्त आपल्याला पत्ताही नसतो.

वडील चिडले.
"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी या रानात—"
"म्हणूनच," हिनेवाई म्हणाली, "जरा जास्त घासा."
मला वाटलं आता ते गाडीत जाऊन बसणार.
ते हसले. मग वाकायला गेले
आणि अर्ध्यात अडकले.

मी खाली बसले. त्यांचा डावा पाय गुडघ्यावर घेतला,
घोड्याला नाल ठोकतात तसा.
तळव्याच्या खाचांतून निघालं :
गवत, कोंबड्यांच्या खुराड्यातलं काहीबाही,
एक द्राक्षाची बी,
आणि खोल खाचेत बसलेली पिवळी चिकणमाती.
हेंडरसनला ती एकाच ठिकाणी आहे.
शनिवारी आईच्या कबरीवर गेलो होतो.
मी वर पाहिलं. त्यांनीही ती ओळखली होती.
"घास," म्हणाले.
पाणी पिवळं झालं. मग नुसतं पाणी.

पुढे लाकडी पूलवाट, जमिनीपासून हातभर उंच.
नेच्यांची झाडं, ओल, एक पक्षी
दोनच सूर घेऊन बसलेला.
आणि मग एका वळणावर ती भिंत.
भिंत नव्हे, खोड :
राखाडी, हातोडीने ठोकल्यासारखं खवल्याखवल्यांचं,
खालच्या फांद्या केव्हाच टाकून दिलेल्या,
आणि जिथे कुठलंही झाड संपलं असतं
तिथे याचा पसारा सुरू होतो.
आम्ही तिघं आणि हिनेवाई हात धरून उभे राहिलो असतो
तरी अर्ध्यालाही पुरलो नसतो.
तसं उभं राहायची सोय नाही. कठड्यापाशी थांबायचं.

वडिलांनी टेप मागितली.
कडीत बोट घातलं, वाव दोन वाव ओढली,
मध्ये वीस पावलांची जमीन,
जिच्यावर पाय ठेवायचा नाही.
टेपची जीभ कठड्यावरून लोंबत राहिली.
ती त्यांनी हळूहळू, न मुडपता, आत घेतली.

लूकाने विचारलं, "आजोबा, किती भरेल?"

मला वाटलं, ते मान हलवतील.
पण डोळा तो डोळाच.
शेंड्यापर्यंत गेला, खाली आला,
ओठ हलत होते, हातचे धरत होते.
मग ते लूकाच्या कानाशी वाकले
(या वेळी पाठीने साथ दिली)
आणि आकडा सांगितला, इतका हळू
की झाडाला ऐकू जाऊ नये.

बाहेर पडताना पुन्हा ब्रश. हिनेवाईने सांगण्याआधीच
त्यांनी पाय पुढे केला.

गाडीत मी विचारलं, "किती म्हणाले रे?"
आरशात दिसत होते दोघे,
एक आठ वर्षांचा, एक सत्त्याऐंशीचा,
तोंडं गच्च मिटलेली.
काच खालीच होती.