सनद

रात्री साडेअकराला, बंजारमासिनच्या नदीवर
होड्यांचे दिवे विझल्यावर
फौजानने माझ्या कानांना हेडफोन लावला.
गुरू मसरूर बोलत होते.
दोन वर्षांपूर्वी त्यांना मातीत ठेवलं,
बातमी मीच लिहिली होती, चौदा ओळींची.

आवाज तोच,
पडलेल्या दातातून निसटणारा स.
व्याजावर सहा मिनिटं, मध्ये एक हदीस,
कुणी कुणाकडून ऐकली त्या नावांसकट.

मी जाडे खंड उतरवले. एक वाजला.
हदीस कुठेच नाही.
साखळीतला तिसरा माणूस
कधी जन्मलाच नव्हता.

"अर्थ तर चांगलाच आहे ना?" फौजान म्हणाला,
"चाळीस हजार लोक वाट बघतायत."

अवघड काही विचारलं की गुरू
चष्मा पुसत, खोकत,
मग म्हणत, मला माहीत नाही, पुढच्या आठवड्यात ये.
लोक येत.
ह्या आवाजाला सगळंच माहीत आहे.

"खोकला घालता येतो,"
फौजान म्हणाला. अगदी मनापासून.

सकाळी त्यांच्या बायकोकडे गेले.
नोरसेहान केळी तळत होत्या.
ऐकलं. "परत लाव."
तीनदा. केळी करपली.
मग फोन उपडा ठेवत म्हणाल्या,
"आवाज त्यांचाच गं.
पण हे त्यांना सांगितलं कुणी?"

शुक्रवारी ती जागा आम्ही कोरी सोडली.
फौजान अजून नीट बोलत नाही.
आणि फाइल?
पुसली नाही मी.
कधीतरी दार लावून ऐकते,
खोकल्याशिवायची.