कर्ता

फिलाडेल्फिया, ऑक्टोबर १९१८

खोलीत सातजण होते.
आता निन्फा, आणि कुशीत कालोजेरो;
गळ्यात दोघांच्या कापराची पुरचुंडी.

शाळा बंद झाली त्या दिवशी
बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
वाक्यात जो करतो, तो कर्ता.

कोळसा संपला तेव्हा तिने खुर्ची जाळली.
वरच्या रिव्काबाईने खिडकीतून
दोरीने सोडलेला कांद्याचा रस्सा
अर्धा उद्यासाठी झाकून ठेवला.

अकराव्या दिवशी
तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस
उंबऱ्याबाहेरूनच वही उघडतो.
"घरात कर्ता कोण?"

बाबा गेला. आई तर
मंगळवारपासून कुठल्याच वाक्यात नाही.

निन्फा फ्रॉकला हात पुसते.
"मी."

"वय?"
"दहाला दोन महिने कमी."

मागे कालोजेरो खोकला,
आणि कितीतरी दिवसांनी
पाव मागू लागला.