कथील

आम्ही बादली बाहेर पायरीवर ठेवतो, उणे एकवीसात.
पाण्यावर साय धरते, ती वडील पळीच्या दांड्याने फोडतात
आणि बुटांवरचा बर्फ झटकत आत येतात.
वर्षाची शेवटची रात्र. कार्कीला गावातली शेवटून दुसरी गल्ली.

स्टोव्हवर पळीत कथलाची नाल,
सहकारी दुकानातून आणलेली, बोटभर लांबीची.
आधी तिच्या कडा ढळतात. मग ती बसकण मारते.
मग नाल नाहीच, नुसता आरसा, त्यात दिवा थरथरतो.

"एका दमात ओत," वडील आयराला सांगतात,
"हात कचरला तर चुरा होईल."
अडतीस वर्षं ओतशाळेत काढली त्यांनी,
स्वतःचं कथील मात्र कधी ओतलं नाही.

दार उघडं, आयरा पायरीवर वाकलेली.
चर्र.
एवढंच. पापणी लवेपर्यंत संपलंसुद्धा.
बाहेरून थिजलं, पोटात अजून धावतच होतं,
म्हणून कवच फाटून आतून दुसरं फुटलं,
त्यातून तिसरं, आल्याच्या गड्ड्यासारखं.

सिल्वीमावशी ते मेणबत्तीपुढे धरून फिरवते,
भिंतीवरची सावली वाचते:
"गलबत. प्रवास आहे."
बुडाशी बुडबुड्यांची रवाळ खाच. "आणि पैसा."
आयरा हसते. तिला दर वर्षी प्रवासच हवा असतो.

या वेळी मी पळी वडिलांपुढे धरली.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
पाण्यात धातू पडला तर धातूच थिजतो, त्याचं काही नाही.
धातूखाली पाणी सापडलं की वेगळं.
पासष्ट सालच्या फेब्रुवारीत एक साचा नीट सुकला नव्हता.
किती पाणी असेल? बशी ओली होईल इतकं.
त्याला पळायला जागा नव्हती.
छप्पर गेलं. वेइक्को गेला.

त्यांच्या मानेत अजून दोन दाणे आहेत, निळसर.
लहानपणी मी ते तीळ समजायची.

मग त्यांनी ओतलं. हात कचरला नाही.

मावशीने मेणबत्ती जवळ ओढली, तोंड उघडलं,
पण वडिलांनी तो गोळा तिच्या हातातून काढून घेतला.
"हे माझं भविष्य नव्हे, सिल्वी.
पाणी कुठून कुठून निसटलं, तेवढं यात उमटलंय."
अंगठ्याने ते एकेक पोकळी चाचपत राहिले,

बाहेर बादलीवर परत साय धरेपर्यंत.