साडेसहा व्होल्ट

बारा व्होल्टची बॅटरी, बोटीवरून उतरवलेली,
टर्मिनलवर मीठ.
कासमचाचांनी आधी तेच खरवडलं,
मग म्हणाले, कलेक्टर कुठं उभा आहे, बघ.

मी मीटर लावला. अकरा.
म्हणजे वरच्या फळीला डोकं टेकलेलं.
आवाज वर जाणार कुठं?

हर्णैच्या बंदरात होडी बांधायची
ती मधलं पाणी बघून, दोर इतकाच सोडून
की उधाणात धक्क्यावर आपटू नये
आणि सुकतीत रेतीत रुतू नये.
चाचा हे सांगत नाहीत. ते रोज दोर बांधतात,
मी बघते.

बेसचे दोन रेझिस्टर बदलले.
सव्वा मिलीअँपिअरला जरा कमी वाहू लागला,
चार पूर्णांक सात किलोवर साडेपाच व्होल्ट पडले,
उरले साडेसहा.
वर साडेपाच मोकळे, खाली जवळपास तितकेच.

एमिटरला चारशे सत्तर. गेन दहा.
अनसूया पावसे माइकवर बोलली
आणि बर्फ फोडणाऱ्याच्या घणाखाली आवाज बुडाला.
"एवढ्यात तर घरचा माणूसही ऐकत नाही," म्हणाली.

मग मला हाव सुटली.
एमिटरवर शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सरळ.
गेन दोनशेच्या वर.
संध्याकाळच्या लिलावात आवाज फुटला:
लाटेचा माथा कापलेला, तळही कापलेला,
नुसत्या चौकोनी भिंती.
सुरमईच्या वाट्याला सहाशे की सातशे?
दापोलीचा व्यापारी एक म्हणे, ती दुसरं,
आणि मासा टोपलीत तसाच, डोळे उघडे.

रात्री चाचांनी काही विचारलं नाही.
चहाची बशी पुढं सरकवली,
बिडीच्या कागदावर चारशे सत्तरचे दोन तुकडे पाडले:
शंभर उघड्यावर,
उरलेल्याला कपॅसिटरचा आडोसा.
गेन चाळिसाच्या आतबाहेर.
"थोडं सोडायचं असतं," एवढंच.

आता ती नेहमीसारखी बोलली तर दोन व्होल्ट,
ओरडली तर चार,
तरी दोन्ही अंगांना हातभर पाणी शिल्लक.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही.
या जोडणीत बेस चढला की कलेक्टर उतरतो,
तिचा शब्दन् शब्द पालथा होऊन बाहेर पडतो.
सकाळी त्या पालथ्या आवाजात
तिनं पापलेटचा वाटा नऊशेला काढला.
व्यापाऱ्यानं पैसे मोजले,
सुलटे.